जुनी प्रत नसलेला ग्रंथ

‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ मी २०१४ च्या शेवटी सोडला आणि २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू केला. निमित्त ‘इक्विनॉक्स’चं होतं. ११ जूनला ही नवी भर यायची होती, आणि ती पडण्यापूर्वीचा खेळ एकदा डोळ्यांखालून घालावा असं वाटलं. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं, की ‘पूर्वीचा खेळ’ या शब्दांना इथे अर्थ नाही. मी सोडल्यापासून अशा भरी कितीतरी पडल्या होत्या आणि प्रत्येकीने आपल्या आधीची अवस्था पुसून टाकली होती. मी सोडला तो खेळ आता कुठेही मिळत नाही. विकतही नाही आणि चोरूनही नाही.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी या कंपनीने ६ मे २००३ रोजी तो सुरू केला. अवकाशात जहाजं चालवायची, खनिजं काढायची, माल विकायचा, लढायचं. इतर ऑनलाइन खेळांत एकाच जगाच्या अनेक प्रती शेजारी शेजारी चालतात. इथे जग एकच. जगभरचे खेळाडू (चीनचा अपवाद, त्याकडे पुढे येते) त्याच पाच हजारांहून अधिक सूर्यमालांत एकमेकांना भेटतात, फसवतात, मारतात. जहाज फुटलं की फुटलं, ते परत मिळत नाही. खेळाडूंचे गट युती करतात, युत्यांच्या आघाड्या होतात, आघाड्या फुटतात; महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काही नवं वाटू नये. कंपनी गोष्ट सांगत नाही असं नाही, सांगते. पण ती फारसं कोणी वाचत नाही. लोक वाचतात ते एकमेकांना.

कायदा आहे, पण विचित्र. सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या भागात तुमच्यावर कोणी हल्ला केला तर ‘कॉनकॉर्ड’ नावाचं पोलीसदल येऊन हल्लेखोराचं जहाज नष्ट करतं. तुम्हाला मात्र ते वाचवत नाही. शिक्षा करतं, रक्षण करत नाही. दूरच्या भागांत तेही नाही. जुन्या आइसलँडशी याचं असलेलं साम्य मला योगायोग वाटत नाही. ९३० मध्ये तिथे आल्थिंग ही लोकसभा भरू लागली. कायदा होता, न्यायनिवाडा होता, पण राजा नव्हता आणि निकाल अमलात आणणारी यंत्रणाही नव्हती. ज्याच्या बाजूने निकाल लागे त्यानेच तो आपल्या बळावर वसूल करायचा. तेराव्या शतकात नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व मान्य करेपर्यंत हे चाललं, आणि याच व्यवस्थेतल्या वैरांवर आइसलँडिक सागा उभ्या आहेत. खेळातल्या चलनाचं लघुनाव आणि आइसलँडच्या क्रोनाचं लघुनाव एकच आहे, हा जाता जाता केलेला विनोद.

आता मूळ अडचणीकडे. खेळात वेळोवेळी पडणाऱ्या या भरीला मराठीत काय म्हणावं? ‘विस्तार’ हा कोशातला शब्द बरोबर आहे आणि निर्जीव आहे. ‘पुरवणी’ म्हटलं तर मूळ मजकूर तसाच राहतो आणि शेवटी चार पानं जोडली जातात, असा भास होतो. मला सुचणारा शब्द संहिताचिकित्सेतला आहे: क्षेपक. मूळ संहितेत मागाहून घुसवलेला भाग, जो काही पिढ्यांनी मूळच वाटू लागतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या हस्तलिखितांची तुलना केली. जे भाग मूळचे नाहीत असं ठरलं ते तळटीपांत नेले, लांबलचक असतील तर परिशिष्टांत. फेकून मात्र दिले नाहीत. त्या आवृत्तीचं मोठेपण माझ्या मते तळटीपांत आहे. वगळलेलंही वाचता येतं, आणि का वगळलं यावर भांडताही येतं.

‘ईव्ह’मधली क्षेपकं लेखकाच्याच हातची, अधिकृत. आणि त्यांना तळटीप नाही. गंमत म्हणजे ही उपमा माझ्या आधी कंपनीलाच सुचली असावी. सुरुवातीच्या काही भरींची नावं पाहा: २००४ मध्ये ‘एक्झोडस’, २००६ मध्ये ‘रेव्हलेशन्स’, २००९ च्या मार्चमध्ये ‘अपॉक्रिफा’. पहिली दोन बायबलमधल्या पुस्तकांची. तिसरं नाव बायबलच्या मान्य संहितेबाहेर ठेवलेल्या ग्रंथांचं. संहितेबाहेरच्या या पुस्तकाने केलं काय, तर नकाशाबाहेरच्या सुमारे अडीच हजार सूर्यमाला उघडल्या. तिथे कायमचे रस्ते नाहीत. विवरं उघडतात आणि तास-दिवसांत मिटतात. सूर्यमालांना नावं नाहीत, एक अक्षर आणि सहा आकडे. एरवी कुठल्याही सूर्यमालेत शिरलं की तिथे कोण कोण आहे याची यादी पडद्यावर दिसते. इथे तुम्ही स्वतः काही बोलल्याशिवाय तुमचं नाव कोणाला दिसत नाही. आजवर या खेळात झालेलं हे सर्वांत चांगलं लेखन आहे असं माझं मत आहे, आणि त्यात कथेचं वाक्य जवळपास नाही. जिथे नावं नाहीत तिथे लोक नावं ठेवतात. प्रत्येक गटाने आपापल्या खुणांच्या वह्या भरल्या. माझ्या वहीत ‘मागचं दार’ होतं, ‘इथे बोलू नकोस’ होतं. दोन्ही रोमन लिपीत, आणि गटातल्या इतरांना अगम्य.

वाचकांनी नाकारलेलं क्षेपकही आहे. २०११ मध्ये ‘इन्कार्ना’ आलं. आपला वैमानिक जहाजातून उतरून स्थानकात फिरू शकेल असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. मिळाली एक खोली. सोबत एक दुकान आणि त्यात साठ-सत्तर डॉलरचा एकडोळी चष्मा. खेळाडू जिता या बाजारपेठेच्या सूर्यमालेत जमले आणि तिथल्या स्मारकावर तोफा डागत राहिले. त्यातून काही फुटत नव्हतं, पण संदेश पोचला. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. ती खोली २०१७ मध्ये काढून टाकली गेली. ज्यांनी २०१७ नंतर सुरुवात केली त्यांच्यासाठी ती कधी नव्हतीच. सुखटणकरांच्या तळटीपेची आठवण येते ती अशा वेळी.

मग जुनी प्रत जपून ठेवावी की नाही? इतरांनी ठेवली आहे. ‘रूनस्केप’ या खेळाच्या कंपनीकडे २००७ च्या ऑगस्टमधली एक नक्कल सापडली आणि २०१३ मध्ये तिने तीच ‘ओल्ड स्कूल’ या नावाने पुन्हा सुरू केली. ती आजही जोरात चालते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१९ मध्ये आपली जुनी आवृत्ती अधिकृतपणे उघडली. ‘ईव्ह’चं असं करता येईल का, याचं उत्तर आपल्यासमोर आधीच आहे, ते म्हणजे चीन. तिथे ‘सेरेनिटी’ नावाचं वेगळं विश्व २००६ पासून चालतं. आज्ञावली तीच, नकाशा तोच, जहाजं तीच. पण तिथली राज्यं वेगळी, युद्धं वेगळी, दगाफटके वेगळे. या दोन विश्वांना एका महाभारताच्या उत्तर आणि दक्षिण पाठपरंपरा म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यात मूळ संहिता समान नाही. समान आहे ते फक्त व्याकरण. म्हणजे उद्या कंपनीने २०१३ ची नक्कल काढून चालू केली, तरी मला मिळेल ते २०१३ चं व्याकरण. त्यात बोलणारी माणसं नाहीत.

इथे माझं म्हणणं थोडं बदलतं. क्षेपकं इतिहास पुसत नाहीत. इतिहास खेळाडूंचा आहे आणि तो त्यांच्या आठवणीत, भांडणांत, लिहून ठेवलेल्या वृत्तांतांत राहतो. क्षेपकं पुसतात ते व्याकरण, ज्याच्याशिवाय तो इतिहास कळत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमधली ‘फीबी’ ही भर घ्या. तोवर मोठी जहाजं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला काही मिनिटांत उड्या मारत जात. फीबीने प्रत्येक उडीनंतर थकवा जमा होईल असा नियम केला. जितकी लांब उडी तितका पुढच्या उडीपूर्वीचा खोळंबा. नकाशावरचा एक बिंदूही हलला नाही, पण अंतरं रातोरात कित्येक पटींनी वाढली. कालपर्यंत शेजारी असलेले परदेशी झाले. आज नव्या खेळाडूला मी सांगू लागले, की तेव्हा अमुक आघाडी रात्रीत नकाशाच्या पलीकडे जाऊन लढून सकाळी घरी यायची, तर त्याला ती बढाई वाटते. त्याच्या भाषेत ते वाक्य शक्यच नाही.

परत आलेल्या खेळाडूची बोली ऐकण्यासारखी असते. मी जहाजांची जुनी टोपणनावं वापरत होते, आता कोणी करत नाही त्या युक्त्या सुचवत होते, आणि लोक आदराने थांबून विचारत होते, “म्हणजे?” सतराव्या शतकात तंजावरला गेलेल्या मराठीने कितीतरी जुनी रूपं जपली, जी इकडे कधीच मोडीत निघाली. ती बोलणारा माणूस पुण्यात आला की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग जरा ओशाळायला होतं, कारण चुकतो आहे तो नव्हे. माझी स्थिती साधारण अशी होती. फरक एवढाच, की तंजावरच्या मराठीला घर आहे, घरात बोलायला माणसं आहेत.

या जगात अस्सल कागद म्हणावा असा एकच प्रकार आहे, ‘किलमेल’. जहाज फुटलं की आपोआप एक नोंद तयार होते: कोणाचं जहाज, कोणत्या प्रकारचं, कुठल्या सूर्यमालेत, किती वाजता, किती घाव बसले, कोणी किती दिले, शेवटचा कोणाचा, जहाजावर काय बसवलं होतं, त्यातलं काय जळालं आणि काय उरलं. का फुटलं ते नसतं. बखरींवर विश्वास न ठेवता अस्सल पत्रं शोधा, हा राजवाड्यांचा आग्रह इथे आपोआप पाळला जातो. बखरीही आहेत, अँड्र्यू ग्रोएन यांचं ‘एम्पायर्स ऑफ ईव्ह’ हे २०१६ चं पुस्तक सुरुवातीच्या युद्धांचा इतिहास मुलाखतींतून उभा करतं. ते चांगलं पुस्तक आहे. तरी मला ओढ किलमेलची, कारण ती कोणाची बाजू घेत नाही.

सर्वांत प्रसिद्ध किलमेल बी-आर५आरबी या सूर्यमालेतल्या आहेत. २०१४ च्या जानेवारीत, २७ आणि २८ तारखेला. तिथल्या ताब्याचं भाडं वेळेत भरलं गेलं नाही, ताबा सुटला, शत्रू शिरला. एका बाजूला सीएफसी ही आघाडी आणि रशियन भाषक गट, दुसऱ्या बाजूला एन३ आणि पँडेमिक लीजन. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू येऊन गेले. ७५ टायटन, म्हणजे या जगातली सर्वांत मोठी जहाजं, नष्ट झाली. नुकसान खऱ्या पैशांत मोजलं तर तीन लाख डॉलर, असा अंदाज जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापला, आणि तेवढंच छापलं. आतून ती लढाई कशी होती हे डॉलरमध्ये येत नाही. एका जागी फार लोक जमले की संगणकावरचा ताण सोसण्यासाठी हे जग स्वतःचा काळ मंद करतं, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. दहा सेकंदांची क्रिया शंभर सेकंदांत. त्यामुळे सुमारे २१ तास चाललेल्या या युद्धात आतल्या घड्याळाने बहुतेक वेळ जेमतेम दोन तास मोजले. कोणी ओरडत नव्हतं. लोक एका तोफेच्या दोन बारांमध्ये स्वयंपाक करून येत होते. एका सेनापतीचा आवाज कुजबुजल्यासारखा लक्ष्याचं नाव सांगे, आणि दीड मिनिटाने ते लक्ष्य थोडंसं जळे. विलंबित लयीत माणसं मारण्याचा असा अनुभव मला कुठल्याही युद्धकथेत आलेला नाही.

त्या रात्रीच्या नोंदींत माझं एक चिमुकलं जहाज आहे. मी ती नोंद मेमध्ये पुन्हा उघडली. वेळ बरोबर, मारणाऱ्यांची नावं बरोबर. पण जहाजावर जे बसवलं होतं त्यातल्या दोन साधनांची नावं मला अनोळखी होती. चूक माझ्या स्मरणाची नव्हती. किलमेलमध्ये वस्तूंची नावं साठवलेली नसतात, क्रमांक असतात. नाव दिसतं ते आजचं. २०१४ नंतर कंपनीने कितीतरी साधनांची नावं आणि गुण बदलले, आणि जुन्या नोंदी त्या नव्या नावांनी बोलू लागल्या. अस्सल कागद, पण त्यावरचे शब्द दर काही वर्षांनी कोणीतरी नव्या भाषेत उतरवून ठेवतं आणि अनुवादक म्हणून सही करत नाही. इतकी वर्षं भाषांतर करते आहे, मूळ पाठच्या पाठी अनुवादित होताना मी पहिल्यांदा पाहिला.

(माझा वैमानिक पुरुष होता. इंग्रजीच्या ‘आय’ला त्याने काही फरक पडत नाही. मराठीत मी त्या काळी ठेवलेल्या टिपणांत मात्र ‘मी पोहोचलो’, ‘मी मेलो’ असंच आहे, आणि आता वाचताना ते मला परकं वाटत नाही.)

कंपनीला या उणिवेची जाणीव नाही असं म्हणता येत नाही. बी-आर५आरबीत तिने त्या टायटनांचे सांगाडे कायमचे ठेवले आहेत. ‘टायटनोमाकी’ नाव आहे त्या स्मारकाचं. ही मला सापडलेली एकमेव तळटीप. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा व्हिडिओ खेळ निवडले, त्यांत ‘ईव्ह’ होता. मांडताना काय मांडायचं हा प्रश्न त्यांनाही पडला असणार: प्रेक्षकाच्या हाती खेळ न देता त्यांनी चित्रफीत दाखवली. संग्रहालय प्रत ठेवतं, आणि इथे ठेवायला प्रत नाही.

काळाचा व्यवहारही मधल्या वर्षांत बदलला. या खेळात कौशल्य सरावाने येत नसे, प्रतीक्षेने येई. तुम्ही झोपलेले असा, कामावर असा, कौशल्य खऱ्या तासांत शिजत राही. वर्गणी मात्र चालू हवी. म्हणून वैमानिकाचं वय हेच त्याचं शहाणपण होतं, आणि नव्याने जुन्याला गाठणं अशक्य होतं. मला हा नियम कठोर वाटे आणि सुंदरही. २०१६ पासून कौशल्य डोक्यातून काढून कुपीत भरता येतं, विकता येतं, विकत घेता येतं. त्याच कुपीतून नवख्याला ५,००,००० गुण मिळतात, माझ्यासारख्या जुन्याला १,५०,०००. हिशेब न्याय्य असेल. पण ज्या एका जगात वेळ विकत घेता येत नव्हता, तिथेही आता घेता येतो. त्याच वर्षाच्या शेवटी खेळ फुकटही झाला, मर्यादा घालून. वर्गणी न भरता परत आलं, की आपली जुनी कौशल्यं यादीत दिसतात, वापरता मात्र येत नाहीत. समजणारी पण बोलता न येणारी मातृभाषा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे सांगायला नको.

मग इक्विनॉक्स. विषुवदिन, दिवस-रात्र समान. २००९ पासून दूरच्या भागांतल्या ताब्याचा नियम असा होता, की सूर्यमाला कुठलीही असो, पैसे टाकले की तिच्यात पाहिजे त्या सुधारणा बसवता येत. परिणामी सगळी राज्यं एकसारखी झाली. नकाशावर रंग वेगळे, मातीला वास नाही. इक्विनॉक्सने ग्रह मोजायला सुरुवात केली. काही ग्रह वीज देतात, काही मनुष्यबळ, लाव्हाचे आणि बर्फाचे ग्रह इंधन. ज्या सूर्यमालेत जे आहे त्यावर तिथे काय उभं राहील ते ठरतं. कमी पडलं तर शेजारच्या सूर्यमालेतून मनुष्यबळ आणायचं. इंधन गोळा करणारे आकडे कक्षेत लटकतात, आणि ते लुटता येतात. वीस वर्षं ग्रह मुख्यतः मागच्या पडद्यावरचं चित्र होते. खाणीवाले थोडंफार काढत, बाकीच्यांना त्यांचे प्रकार ठाऊकही नव्हते. आता एखादी सूर्यमाला ‘चांगली’ आहे असं लोक म्हणतात आणि का ते सांगू शकतात. २०२३ च्या ‘हॅवॉक’ने दोन चाच्यांच्या टोळ्या तयार करून खेळाडूंना एकीत भरती व्हायला सांगितलं होतं, ते शिकवून घेतलेलं नाटक. इक्विनॉक्सने कोणाला संवाद दिलेला नाही. जुन्याच नामांना क्रियापदं दिली. रंगरंगोटी करून विकण्याची जी सोय त्याच्यासोबत आली तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

‘अपॉक्रिफा’च्या रांगेत मी इक्विनॉक्सला बसवणार नाही. ‘अपॉक्रिफा’ने न सांगितलेली जागा दिली, इक्विनॉक्सने प्रत्येक जागेला आकडा दिला. ज्या गटाकडे हिशेबनीस चांगले त्याचं राज्य चांगलं, हे आधीही खरं होतं आणि आता अधिकच.

माझी जहाजं ठेवली होती ते स्थानक आता नाही. माझ्या काळात अशी स्थानकं जिंकता येत, फोडता येत नसत. २०१८ मध्ये त्या सगळ्यांचे किल्ले झाले आणि किल्ले फुटू लागले. माझा कधी फुटला ते मी नोंदींत शोधून काढलं. अशा वेळी आतल्या वस्तू नष्ट होत नाहीत, गाठोडं बांधून जवळच्या कमी धोक्याच्या स्थानकात पोचवल्या जातात. बाजारभावाच्या पंधरा टक्के मोजल्याशिवाय गाठोडं सुटत नाही. आत काय आहे याची यादी दिसते. तीन जहाजं, दारूगोळा, आणि तळाशी एका जुन्या सोबत्याचं गोठलेलं प्रेत, नावासकट. या खेळात प्रेतं गोळा करता येतात. त्याचा वैमानिक एका विवरात मेला तेव्हा मी ते परत आणून ठेवलं होतं, त्याला चिडवायला. तो खेळायचा थांबून बरीच वर्षं झाली. प्रेताला बाजारभाव नसतो, म्हणून पंधरा टक्क्यांत त्याची भर शून्य.

इक्विनॉक्सच्या चार दिवस आधी मी पैसे भरले. जहाजं विकली. नव्या लोकांना त्यांतलं एक फार जुन्या पद्धतीने सजवलेलं वाटलं, आणि एकाने ते तसंच, काही न काढता, विकत घेतलं. प्रेत ठेवून घेतलं आहे. त्याच्यावरचं नाव अजून कोणी बदललेलं नाही.